आंबटाचं पातेलं

माघ शु॥ ५, गुरुवार
यमूला सातवा लागला. नातसुनेला डोहाळं कसलं लागावं, तर दर्याच्या माशांचं. आमच्यातल्या बायका चिंचा मागत्यात, आवळं मागत्यात. ही म्हणती, "आजी, सुरमईचा एक तुकडा आणि चार तिसऱ्या." आम्ही पंचगंगेचा मरळ खाणारी माणसं. पण मी पणजी होणार. हत्ती मागितला असता तरी बघितलं असतं. तिच्या भावाला, दत्तारामला, रत्नागिरीस पत्र गेलंय. रविवारी ओटी भरायची, पंचवीस पानं. मासं त्याचं, चटण्या माझ्या. ह्या पेठेत माझ्या हातासारखा... जाऊ दे, आपलं आपणच काय लिहायचं.

माघ शु॥ ६, शुक्रवार
दिवसभर चटण्याच डोक्यात. सुरमई, कोळंबी, खेकडं, तिसऱ्या सगळं एका परातीत मांडायचं आणि भोवती वाट्या. एकच चटणी सगळ्याला कशी चालंल. खेकड्याला तांबडी: मिरची, लसूण, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ. तिसऱ्यांना हिरवी, ओल्या खोबऱ्याची, लिंबू पिळून. सुरमईला आंबटच पायजे. यमू म्हणली, "आमच्याकडे आमसुलात तिरफळं ठेचून घालतात." मी म्हणलं, आमसूल तुझं, गूळ आमचा, दोन्ही आटवून मधासारखं करते बघ. हसली. हसली की खळी पडती. पोराला पडली पायजे.

माघ शु॥ ७, शनिवार
आईनं दिलेलं तांब्याचं मोठं पातेलं माळ्यावरनं काढलं. राख लावून घासघास घासलं, तोंड दिसंल असं. हसनभाई कल्हईवाले गल्लीत भाता लावून बसल्यात. पातेल्यात डोकावले आणि म्हणाले, "मावशी, आतली कल्हई पार गेलीया. ह्यात आंबट घालू नका, कळकंल. ठेवून जावा, सांच्याला देतो." सांच्यापर्यंत मला कुठली सवड. "मग मातीच्यात करा की," म्हणाले. पंचवीस माणसांचं गाडग्यात कवा व्हायचं. केलं ह्यातच. आमसूल, गूळ, जिरं, आटत आलं तसा घमघमाट. चाखलं, झकास. रातभर ह्यातच मुरंल.

माघ शु॥ ९, सोमवार
काल लिहायला हात रिकामा झाला न्हाय.
दत्ताराम टपालाच्या टांग्यातनं रातभर घाट चढून आला. परात मांडल्यावर बायका बघतच राहिल्या. आंबट चटणी सगळ्यात आधी संपली. "आक्का, वाढा, आक्का, हिकडं." पदर खोचून पळत होते, ह्या वयात. एवढं कौतुक लगनात बी झालं नव्हतं.
तासाभरात शेजारची सोनाबाई उठून ओकली. मग तिची सून. मग एकेक करत अकरा जण. वैद्य आले. आज सगळी उठून बसल्यात. यमूला काय बी झालं न्हाय.
वैद्यांनी इचारलं, काय खाल्लं. मी म्हणलं, "दर्याचं मासं. लांबनं आल्यालं."
एवढंच म्हणलं.

माघ शु॥ १०, मंगळवार
पातेलं न घासता तसंच झाकून ठेवलंय. तळाला हिरवं चढलंय.
मासं सगळ्यांनी खाल्लं. ओकली कोण, तर ज्यांनी आंबट घेतलं ती. यमूनं हिरवी घेतली. बापूला, माझ्या लेकाला, आंबट सोसत न्हाय, त्यानं तांबडी खाल्ली, खणखणीत हाय. हे मला आज सुचलं असं न्हाय. वैद्य इचारत हुते तवाच ठावं हुतं.
काल दत्ताराम न जेवता गेला. बापू त्याला दारात म्हणाला, "पावणं, नासका माल माणसांना घालत्यात व्हय?" दत्ताराम म्हणाला, "मामा, मीही तेच खाल्लंय." माझ्याकडं बघितलं. मी तांदूळ निवडत हुते. तसाच माझ्या पाया पडला आणि गेला.

माघ शु॥ ११, एकादशी, बुधवार
बापूनं सांगून टाकलं. यमूला पहिल्या बाळंतपणाला बी माहेरी धाडायची न्हाय. "असलं खाऊ घालणाऱ्यांच्या घरात माझं नातवंड जन्मणार न्हाय." यमू चुलीपुढनं उठलीच न्हाय. नातू तालमीतनं आला, त्यानं बापासमोर मान बी वर केली न्हाय.
हितं खरं लिहिते. ऐकून मला आधी बरं वाटलं. पोरगं हितं जन्मलं तर पहिल्यांदा माझ्याच मांडीवर येणार. सुईण कुठली बोलवायची, शेक-शेगडी कुठल्या खोलीत, सगळं मनात मांडून झालं. मग यमूचं तोंड बघितलं.
शी. माझीच मला शिसारी आली.

माघ शु॥ १३, शुक्रवार
सोनाबाई येऊन बसली. "आक्का, तुमच्या चटण्या हुत्या म्हणून निभावलं, न्हाईतर त्या माशानं जीवच घेतला असता." मी तिला लाडू दिला.
दुपारी पातेलं पदरानं झाकून हसनभाईंकडं नेलं. त्यांनी झाकण काढून बघितलं.
"आंबट घातलंसा?"
"व्हय."
"किती माणसं?"
"अकरा."
"घरात सांगितलंसा?"
मी पदर सावरला. ते नवसागर टाकून घासत राहिले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माघ पौर्णिमा, रविवार
सकाळी बापू जेवत हुता, यमू वाढत हुती. सांगितलं. पातेल्याचं, हसनभाई बोलले ते, वैद्यांना म्हणलं ते बी. मला बरं वाटलं हुतं ते मात्र जिभेवर आलं न्हाय.
बापूचा हात ताटातच थांबला. मग म्हणाला, "आता हे गल्लीत नको. मासं म्हणत्यात, मासंच राहू दे. चार माणसांत वावरतो मी."
"आणि तिच्या माहेरची माणसं चार माणसांत वावरत न्हाईत काय?"
त्यानं ताट पुढं केलं. यमूनं त्याला भात वाढला, मला वाढला. मग हळूच म्हणली, "आजी, दादा रात्रभर झोपला नव्हता. माशांवरचं ओलं पोतं सुकेल म्हणून दर थांब्याला उतरून भिजवत होता."
हात धुतला.
उठले, तडक सोनाबाईच्या घरी. ऐकून म्हणली, "म्हंजे तुमची चटणी? मी दोनदा मागून घेतली की." मग हसली, मग रागावली, मग दार लावून घेतलं. सांजपतोर सात घरं झाली. तीन राहिल्यात, उद्या.
टपालाचा टांगा पहाटं रत्नागिरीस सुटतो. यमूची लुगडी, पोळक्यांचं कापड, डिंक, खारका बांधून गाठोडं मी दारापाशी ठेवलंय. बापू आत्ता बाहेरनं आला. त्यानं ते बघितलं. उचलून आत ठेवलं न्हाय. कुणाचं म्हणून इचारलं बी न्हाय. पायताण काढून बाजूला ठेवलं आणि तिथंच उंबऱ्यावर बसून राहिलाय.