कापूसकोंड्या या नावानं

मास्तर, तुमच्या टायपिंग क्लासच्या खोलीत आता माझा कॉम्प्युटर क्लास आहे. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ती जागा मी भाड्यानं घेतली. कॉम्प्युटर तुम्हाला आवडला नसता. चुकलं की एक बटण दाबायचं, चूक गायब. तुमच्या मशीनवर चुकलं की अख्खा कागद पुन्हा, वर तुमचं बोलणं वेगळं. शिवाय लाईट गेली की हे यंत्र म्हणजे नुसता डबा, आणि दारव्ह्यात लाईट असते कधी? तरी मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

तुमच्याकडे बोटांबरोबर तोंडंही चालायची. इलेक्शन, नळाचं पाणी, कोणाच्या लग्नात बुंदी कमी पडली. तुम्ही ऐकत बसायचात, मग माझ्याकडे बघायचात. "लय राजकारण बोलून राह्यला ना बे तू? बस मशीनवर. टाइप कर, खाली नाव टाक, अन् चिकटव दाराले." हा तुमच्या क्लासचा कायदाच होता. एकदा मी नगरपालिकेला झोडपून काढलं आणि नाव तेवढं टाकलं नाही. तुम्ही कागद फाडला नाहीत, माझ्या हातात परत दिलात. "बेनाम राय म्हंजे दुसऱ्याच्या दारात फेकलेला कचरा. उचल." सगळ्या पोरींसमोर! माझे कान तापले होते, आणि घरी जाऊन मी तुम्हाला मनातल्या मनात चिक्कार शिव्या दिल्या होत्या.

आता इंटरनेटवर नाव टाकावं लागत नाही. दुपारी क्लास रिकामा असला की मी तिथं 'कापूसकोंड्या' म्हणून लिहितो. काहीही लिहितो. मोबाईलवर ओरडून बोलणाऱ्यांबद्दल, चहात आलं किती असावं त्याबद्दल, पुढाऱ्यांबद्दल. ही वर्षं कापसाला फार वाईट चालली आहेत. घराघरांत कापूस पडून, लेकरं त्याच्यावरच झोपतात अन् रात्रभर अंग खाजवतात. मंत्री येणार म्हणून रस्ता धुतला, पण खरेदी केंद्राचं कुलूप काही उघडलं नाही, असं मी लिहिलं. इथल्या पुढाऱ्याची चांगली सालटी काढली. कोणीतरी ते माझ्याच क्लासच्या प्रिंटरवर छापून घेतलं आणि बाजार समितीच्या फाटकावर चिकटवलं. लोक थांबून वाचायचे. मी सायकल हळू करून ऐकायचो.

मग पुढाऱ्याचा माणूस आला. माझ्याकडे एक बाई शिकवायला होत्या. नवऱ्याच्या शेतात त्या वर्षी काही राहिलं नव्हतं, घर त्यांच्या पगारावर चालायचं. बोलायला फटकळ, जे वाटेल ते तोंडावर. सरकारी कोर्स क्लासला मिळावा म्हणून केलेला माझा अर्ज त्या पुढाऱ्याकडेच अडकला होता. तो माणूस खुर्ची ओढून बसला. "तुमच्या मॅडमच असतीन ह्या कापूसकोंड्या. लय तोंड हाय त्याइले. सरकारी कोर्स पाह्यजे ना तुम्हाले?"

मास्तर, मी नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणालो, "असतीन बा. मले काय मालूम."

दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं, काही दिवस येऊ नका. कारण काय ते त्यांना बाहेर कळलंच होतं. त्यांनी पर्स उचलली, डबा पिशवीत ठेवला. "भाऊ, ते माह्यं नाही. माह्यं असतं तं नाव टाकलं असतं. भ्यायचं कायले?" दारात जाऊन पुन्हा वळल्या. "पण लिहिलं चांगलं होतं त्यानं. खरं होतं सगळं."

आता त्या जीपमध्ये कोंबून दिग्रसला जातात, साडीच्या दुकानात उभ्या असतात दिवसभर. सरकारी कोर्स मला मिळाला. परवा स्टँडवर दिसल्या तर त्यांनीच विचारलं, "कसा चालू हाय क्लास?" मी म्हटलं, चालू आहे, आणि पान घ्यायच्या निमित्तानं सटकलो. अशी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती. बायकोलाही यातलं काही सांगितलेलं नाही.

तुम्ही आहात ते कब्रस्तान काही लांब नाही, पण हे घेऊन मी तिकडे यायचा नाही. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता ते मला ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र तुम्हालाही ओळखता आली नसती. त्या बाई दारातून वळून "लिहिलं चांगलं होतं" म्हणाल्या ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं.