डॉक्टरांची ओळख कशी पटली

चाकण, शनिवार

ती. हिंदुराव दाजी आणि आक्का यांस,

भिमाजीचा दोघांच्या पायावर डोकं ठेवून नमस्कार. दाजी, गुडघा कसा आहे? (फोनवर आक्का तुम्हाला बोलूच देत नाही, म्हणून पत्र.) तुमच्या ज्योतीरामची नोकरी वाचली, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं स्वस्थपणे वाचाल.

त्याचा मोडलेला हात जुळला. पण आज पाचच्या आत डॉक्टरांचा दाखला कंपनीच्या पोर्टलवर चढला नाही, तर त्याच्या जागी दुसरा माणूस घेणार होते. सही आमच्या दवाखान्याच्या दीक्षा मॅडमची हवी, तीही डिजिटल. तसल्या सहीसाठी पेनड्राइव्हएवढं डोंगल असतं. समोरचा माणूस खरोखर डॉक्टर आहे, याचं प्रमाणपत्र त्या डोंगलच्या पोटात. दसऱ्याची सुट्टी संपवून आज दवाखाना उघडला, डोंगल लावलं, तर पोर्टल म्हणे, प्रमाणपत्र सापडत नाही. एकदा, दोनदा, दहादा. चौदा वर्षं निम्म्या चाकणची नाडी बघणारी बाई, आणि यंत्र तिला ओळख दाखवीना! (आपण देवाला ओळखतो; तो आपल्याला कशावरून ओळखत असेल, असं मनात येऊन गेलं. पण ती वेळ नव्हती.)

“भिमाजी, मी डॉक्टर आहे ना हो?” मॅडम म्हणाल्या.

“माझ्याकडून तर आहात, मॅडम.”

ज्योतीराम घड्याळाकडे बघत बसलेला. “मामा, माझा हात जुळला, तर ह्यांची सहीच मोडली की!”

पाचला वीस कमी असताना मी देवाचं नाव घेऊन डोंगलच्या तोंडात टॉर्च मारला. आत लाल गाळ वाळून बसलेला. स्पिरिट घेतलं, दात घासायचा नवा मऊ ब्रश घेतला, गाभारा धुवावा तसं ते तोंड धुतलं, पंख्याखाली धरलं. सात मिनिटं उरली असताना मॅडमनी पासवर्ड घातला आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली: सही मान्य. दाजी, रांगेतल्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या! (एकाच्या हाताला प्लॅस्टर होतं, त्यानं मांडीवर वाजवली.) ज्योतीराम सोमवारी पहिल्या शिफ्टला जातोय, आणि मामानं वाचवलं म्हणून साऱ्या आळीला सांगत सुटलाय.

तुमचा,
भिमाजी

ता.क. तो गाळ कुंकवाचा. खंडेनवमीला स्टेथोस्कोपबरोबर डोंगलचीही पूजा मीच केली, ओल्या बोटानं, टोपण काढून. (झाकलेल्या तोंडाला कुंकू कसं लावायचं?) मॅडमना कबूल केलं, त्या हसल्या. ज्योतीरामला सांगायला मात्र जीभ रेटत नाही. तुम्ही बाप आहात, तेवढं तुम्हीच सांगा.

आणखी ता.क. सांगू नका. पत्र पेटीत टाकायला त्याच्याकडेच दिलं होतं, पठ्ठ्यानं वाचलं आणि परत घेऊन आला. खालचं अक्षर त्याचं:

‘बाबा, मामाला काही बोलू नका. आळीत सांगितलंय ते मी मागं घेणार नाही. पुढच्या वर्षी पूजा मात्र मी करणार.’