न टोचलेला देवसिंग

५ एप्रिल २०२१, सोम.
फुलसावंगीजवळच्या तांड्यावर. तिथं ठरलंय असं: तांड्याचा मुखिया, म्हणजे नायक, देवसिंगनं आधी लस घ्यायची, बाकीच्यांनी महिनाभर त्याच्याकडे बघत बसायचं. त्याला काही झालं नाही तर सारे घेणार. त्याची आईही. तिला सगळा तांडा याडी, म्हणजे आई, म्हणतो, मीही. दमेकरी बाई, करोना झाला तर टिकायची नाही. देवसिंगचा खटाटोप तिच्यासाठीच.
टोचून आला, दंड पुढे केला. "घ्या फोटो, शास्त्रीबुवा. मेलो तं कामी पडन." (वार्ताहर असून शास्त्रीबुवा. संस्कृत शिकल्याची शिक्षा.)

९ एप्रिल, शुक्र.
बातमी लागली: 'लस घेऊन नायक ठणठणीत.' ठणठणीत तर तो आधीही होता. एका माणसावरून काही ठरत नाही हे ठाऊक असून लिहिलं. निकाल आपल्या बाजूचा होता ना.

१५ एप्रिल, गुरु.
देवसिंगला ताप. तपासणी पॉझिटिव्ह.
आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना फोन. म्हणाल्या, लसीचा असर यायला दोन-तीन आठवडे लागतात, त्याआधीची लागण आम्ही लसीच्या नावावर धरत नाही. लसीच्या रांगेतच झाली असेल, काय सांगावं. पटलं.
मॅडम धरत नाहीत. तांडा धरतो.

१९ एप्रिल, सोम.
यवतमाळला हलवलं. ऑक्सिजनवर. संपादकांचा फोन, 'लस घेऊनही नायक अत्यवस्थ' पाठवा, फोटो तोच चालेल. बघतो म्हटलं.
तांड्यातला हिरामण गेला. लस घेतली नव्हती. पण त्याला शुगर होती, वय झालं होतं, वेळ भरली होती. न टोचलेल्याला शंभर कारणं. टोचलेल्याला एकच, सुई.

२२ एप्रिल, गुरु.
ती बातमी मी पाठवली नाही. कुणीतरी पाठवली, छापून आली. फोटो माझाच.

२८ एप्रिल, बुध.
डोक्यात अन्वय-व्यतिरेक. पाठशाळेत घोकलेलं: एक असताना दुसरं होतं, नसताना होत नाही, दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय कारण ठरवू नये. म्हणजे न टोचलेला आणखी एक देवसिंग हवा. त्याच वयाचा, तितकीच तंबाखू खाणारा. आणू कुठून?
मॅडम म्हणतात, परदेशातले पहिले आकडे चांगले आहेत. पण लस घेणारे मुळातच जपून राहणारे असले तर? असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, मलाही तेवढंच कळलंय. थांबायला वेळ कुठाय?"

८ मे, शनि.
देवसिंग घरी. बसल्या जागी धापतो. अर्धा तांडा म्हणतो सुईनं पाडला, याडीची सून म्हणते सुईनं वाचवला. त्याला विचारलं. नुसता हात हलवला.

११ मे, मंगळ.
उद्या तांड्याच्या शाळेत लसीकरण. याडीकडे गेलो.
"माह्या लेकाचा फोटो तू छापला. आता तूच सांग, घेऊ का नको?"
"घे, याडी."
"मले ताप आला तं?"
येऊ शकतो, म्हटलं.
"अन् लेकावानी झालं तं?"
होणार नाही असं सांगता येत नाही, म्हटलं.
"मंग घे काहून म्हणतो?"
उत्तर आहे. पण ते पुष्कळ माणसं मिळून तयार होतं, आणि समोर एकटी याडी, खाटेवर देवसिंगची धाप. माझी आई असती तर तिला नेलं असतं, एवढंच बोलू शकलो. ते काही प्रमाण नव्हे.
ती लेकाकडे बघत राहिली.
"सकाळी ये," म्हणाली. "मंग पाहू."