तारपा कुठंय?

शनिवार, दिवेलागण. साखरशेत.

उद्या नाच आहे आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. काकांना आता फुंकताना दम लागतो, म्हणून त्यांच्या दुधीच्या तारप्याचे सूर रेकॉर्ड करून मी लॅपटॉपवर वाद्य बनवलं. मिक्सरमध्ये दोन नळ्यांचे दोन चॅनेल केले, इफेक्ट्सच्या रॅकमधून घुमारा चढवला, आवाज डाव्या-उजव्या स्पीकरवर पसरवला. हेडफोनमध्ये किती छान वाटत होतं.

आज अंगणात लावून पाहिलं. बायकांनी हात गुंफले, पण फेर सुरूच होईना. शेवटी वहिनी म्हणाली, "तारपा कुठंय? पाठ कुणाला नाही दाखवायची?"

तारप्याभोवती नाचताना त्याला पाठ करत नाहीत, हे लहानपणापासून पाहतोय. आवाज पसरवताना कसं नाही आठवलं?

आता तो डावा-उजवा पसारा काढलाय, घुमाराही. एकच स्पीकर. पण खोक्याभोवती नाचतील का? मघाशी वाजवायचा नसूनही काका तारपा मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते. हात सुटले तेव्हा सगळ्या बायकांची तोंडं त्यांच्याकडेच होती.

स्पीकर काकांच्या मागे ठेवू का? तुम्ही नुसते बसा, हे त्यांना कसं सांगू?