ओढ्यातलं नेतृत्व शिबिर

७ जुलै, सोमवार
जिल्ह्यातल्या चार एमबीए कॉलेजांचा हवामान-नेतृत्व महासंघ आज स्थापन झाला. कल्पना माझी. म्हणजे मूळ कल्पना शेजारच्या कॉलेजच्या डायरेक्टर विजयमाला मॅडमची, पण त्यांच्या कॉलेजात ती वाया गेली असती. आम्ही चार डायरेक्टर शिर्डीच्या हॉटेलात जमलो. माणसं चार, गाड्या सात. एसी इतका की पृथ्वी तापतेय यावरचा माझाही विश्वास क्षणभर उडाला. बाकी तिघांची कुवत बघता अध्यक्षपद माझ्याकडे येणं अटळ होतं. माझं नाव मीच सुचवलं. कुणी विरोध केला नाही. जेवण आलं होतं.

११ जुलै, शुक्रवार
अभ्यासक्रमावर मीटिंग. मॅडम म्हणाल्या, मुलांनी आठवडाभर डोंगरातल्या गावात राहावं, लोक बदलत्या पावसात भात कसा निभावतात ते बघावं. म्हणजे लाखाची फी भरून चिखल बघायचा. मी आठवड्याचा एक दिवस केला आणि त्यातले दोन तास माझ्या भाषणाला ठेवले. मॅडमनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. बहुधा माझंच वाक्य.
आजपासून संकल्प: कॉलेजला सायकलने.

१२ जुलै
सायकल पंक्चर. तशीही डायरेक्टरने घामाघूम पोचणं संस्थेला शोभत नाही.

२७ जुलै, रविवार
शिबिराची जागा बघायला राजूरच्या पुढच्या एका वाडीत. ड्रायव्हर सुनीलला रस्ता माहीत होता, हे त्याने चार वेळा सांगितलं. ओढ्याकाठी सपाट मोकळी जागा सापडली. मागे डोंगर, पुढे पाणी. ड्रोनला याहून चांगलं काही मिळणार नाही.
तिथे गोजरबाई नावाची बाई लावणी सोडून बांधावर आली. म्हणाली, सायब, हितं नका बसू, वर डोंगरात पडला का हितं पानी येतं, शाळेचा वटा हाय तिकडं घ्या. शाळेच्या ओट्यावर मागे संडास दिसतो. मी शांतपणे विचारलं की तुमच्याकडे याचा डेटा काय. ती म्हणाली, सासूची म्हैस हितूनच गेली. एका म्हशीवर निष्कर्ष काढणारी ही माणसं. यांच्यासाठी आपण झिजतो.

१ ऑगस्ट, शुक्रवार
फ्लेक्स आले. 'वसुंधरेचे शिल्पकार डॉ. रामहरी गुंजाळ'. माझा फोटो पृथ्वीपेक्षा किंचित मोठा झालाय. सुनील म्हणाला, पृथ्वी लांब आहे म्हणून बारीक दिसत असेल. त्याला उद्या बसच्या मागच्या सीटवर बसवणार होतो, पण बस तोच चालवतो.
अ‍ॅपवर उद्या पावसाची शक्यता वीस टक्के.

२ ऑगस्ट, शनिवार. रात्र
तिसरा चहा चाललाय. थंडीने.
घटनाक्रम लिहून ठेवतो, कारण उद्यापासून लोक तिखटमीठ लावतील.
सकाळी चारही कॉलेजांची एकशे बारा मुलं पोचली. ऊन होतं. मी मंचावर गेलो, विषय 'संकट ओळखणारा नेता'. पंचविसाव्या मिनिटाला गोजरबाई बांधावरून हात करायला लागली. मला वाटलं, गावकऱ्यांचा प्रतिसाद. मीही हात केला. मग ती पळतच खाली आली आणि मुलांना म्हणाली, पानी गढूळ झालं, पाला वाहत येतोय, उठा. मी माईकवरून सांगितलं की प्रश्न शेवटी घेऊ.
मुलं उठली. माझी मुलं, माझ्या परवानगीशिवाय. विजयमाला मॅडमनीही उठवायला सुरुवात केली. गोजरबाईने गवताच्या भाऱ्याचा दोर काढून वरच्या आंब्याला बांधला, एकेकाला धरायला लावून चढवलं, वर उभी राहून मोजलं. एकशे अकरा. ज्ञानेश्वरी, माझ्याच कॉलेजची, जनरेटरची वायर काढायला थांबली होती. पाणी तोवर तिच्या कमरेला. बाई दोर कमरेला बांधून परत उतरली आणि तिला वेणीला धरून ओढत आणली. पोरगी बराच वेळ नुसती खोकत होती. तिच्या आईचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये नव्हता.
मंच सोडणारा मी शेवटचा होतो, हे नोंदवतो. बूट अडकला होता ही वेगळी गोष्ट. सुनीलने पाठुंगळी घेतलं. वर पोचल्यावर गोजरबाईने मला मोजलंच नाही.

४ ऑगस्ट, सोमवार
तिघा डायरेक्टरांना ईमेल: 'प्रात्यक्षिक यशस्वी, जीवितहानी शून्य'. उत्तर नाही. लोक भारावले की असेच गप्प होतात.

८ सप्टेंबर, सोमवार
आनंदाची बातमी. महासंघाची पहिली केस स्टडी आपल्याच शिबिरावर. मॅडमनी लिहिली. चारही कॉलेजांत सक्तीची. पहिल्याच पानावर माझा उल्लेख 'डायरेक्टर' असा आहे. नाव नाही; विनम्रतेने टाळलं असावं.

९ सप्टेंबर
पुढची पानं वाचली.
मॅडमना फोन करून म्हणालो, हे एकतर्फी आहे. त्या म्हणाल्या, सर, तुमची बाजू तुम्ही शिकवताना मांडा. वर त्यांनी गोजरबाईला पुढच्या बॅचला शिकवायला बोलावलंय. तिने कळवलं म्हणे की भात निघाल्यावर येईन. आम्ही तिच्या शेताप्रमाणे टाइमटेबल हलवायचं.

१५ सप्टेंबर, सोमवार
केस शिकवली. ज्ञानेश्वरी पहिल्या बाकावर. माझी बाजू मांडायची म्हणून एक तास राखून ठेवला होता. तिच्याकडे बघितलं आणि मुलांना लवकर सोडलं. डोकं दुखत होतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
सत्र परीक्षा. पेपर महासंघाचा. प्रश्न पाचवा: या प्रसंगातील नेता ओळखा. दोन गुण. मॉडेल आन्सर विषयशिक्षकानेच लिहून सही करायची असते. माझ्या कॉलेजात विषयशिक्षक मी. तीन कागद फाडले. पहिल्यात 'सामूहिक नेतृत्व' असं होतं, दुसऱ्यात 'दृष्टिकोनावर अवलंबून'. तिसरा आता आठवत नाही. शेवटी 'गोजरबाई' लिहिलं. पाच अक्षरांना दुपार गेली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
पेपर तपासले. सगळ्यांचं उत्तर बरोबर. फक्त एकाने माझं नाव लिहिलंय, पूर्ण, डॉक्टर लावून. पार्थ. शिबिराच्या दिवशी तो तापाने घरी होता.
मॉडेल आन्सरप्रमाणे शून्य दिलं.