पाचवं शील

कळंबा, कोल्हापूर
दि. ९ फेब्रुवारी २००३

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. आईचा गुडघा कसा आहे? मलम लावते, की डबीच जपून ठेवली आहे? इकडे कारखान्याचं गाळप जोरात चालू आहे, त्यामुळे आमच्या डिस्टिलरीतही उसंत नाही.

अप्पांच्या स्मृतिदिनाला मी कोडोलीला येते आहे. विहारात पुढे उभं राहून पंचशील मीच म्हणावं, असं तू लिहिलंस. ‘दारूच्या कारखान्यात केमिस्ट असून एक थेंब घेतलेला नाही, हे वस्तीला दिसू दे.’ त्याचं उत्तर देण्याआधी गेल्या रविवारचं सांगते.

उद्यमनगरात गणपतराव म्हणून एकांची फाउंड्री आहे. त्यांना आणि त्यांच्या मित्रांना फ्रान्सच्या जुन्या तांबड्या वाइन जमवून चाखायचा नाद आहे. माझं नाक चांगलं आहे असं कुणीतरी सांगितल्यावर त्यांनी मला बोलावलं. तेव्हापासून मी जाते. तुला कळवलं नव्हतं. तिथेही मी लॅबमधल्यासारखंच करते. हुंगते, घोट तोंडात फिरवते, थुंकते.

रविवारी दुपारी बोर्डोकडच्या, एकोणसाठ सालच्या दोन बाटल्या होत्या. त्यातली एक गणपतरावांनी सकाळीच काचेच्या जगमध्ये ओतून ठेवली होती. "म्हटलं, हवा लागू दे. पुस्तकातच लिवलंय की!" कोवळ्या वाइनला ते चालतं. इतकी जुनी हवेत फार टिकत नाही. ती फिकी, आंबट झाली होती आणि सगळे माना डोलवत होते.

"वा! काय दम हाय अजून!" जोतीराम वकील म्हणाले. "काय मॅडम?"

"ही संपली आहे," मी म्हटलं.

"जरा गोड बोला की ओ."

"खरं बोलाय बोलावलंय तिला," आक्का म्हणाल्या. आक्का म्हणजे गणपतरावांची थोरली बहीण. डोक्यावर पदर, हातात ग्लास. "गणप्या, दुसरी उघड आता. आणि तू गं, एवढ्या म्हाताऱ्या जिवाला तोंडात घिऊन परत थुकतीस? काय वाटत न्हाय व्हय?"

सगळे हसले. मीही.

दुसरी तिथल्या तिथे उघडली. तळाचा गाळ हलू नये म्हणून सावकाश ओतली. रंग विटकरी, कडेला जवळजवळ पाण्यासारखा. वास वाळलेल्या अंजिराचा, ओल्या पाचोळ्याचा, तंबाखूच्या रिकाम्या डबीचा. ग्लासात असतानाच तो बदलत होता, विरत होता.

दादा, स्पिरिटचा प्रत्येक नमुना हुंगताना मी एक वास शोधते. कुठला ते तुला माहीत आहे. अप्पांच्या शर्टाला यायचा, उशीला यायचा, शेवटी दवाखान्यातल्या चादरीलाही आला. कच्च्या स्पिरिटमध्ये तो सापडतो. त्याचं प्रमाण मला काढता येतं. या वाइनमध्ये तो नव्हता. मी पुन्हा पुन्हा शोधला. नव्हता.

पहिला घोट चुकून गेला, असं लिहिता आलं असतं. तसं झालं नाही. मी गिळला. मग दुसरा घेतला, तोही गिळला. आक्कांनी पाहिलं.

मला पश्चात्ताप होत नाही. होत असता तर तुला उत्तर देणं सोपं गेलं असतं.

पुढे उभा राहणारा म्हणतो आणि त्याच्यामागून सगळे म्हणतात. पहिली चार शिलं मला म्हणता येतील. दारू आणि नशेपासून दूर राहण्याचं पाचवं माझ्या तोंडून नको. अप्पा ते कसं म्हणायचे, आठवतं? अख्ख्या विहारात त्यांचा आवाज मोठा. आणि त्याच संध्याकाळी आपण दोघं त्यांना गुत्त्यावरून आणायला जायचो. ते म्हणत असताना आई जमिनीकडे बघत बसायची. माझ्या वेळी तिने तसं बघायला नको.

तेव्हा पंचशील तू म्हण. मी बायकांत, आईशेजारी बसेन. पाचव्याला गप्प राहीन. ते तिच्या लक्षात येईल. तिला काय सांगायचं ते मी सांगेन, तू सांगू नकोस.

मी येऊच नये असं वाटत असेल तर तसं स्पष्ट लिही. पत्र आलं नाही, तर सकाळच्या एस.टी.ने निघते.

अप्पांची मुलगी,
अक्षता