काढू नये, कारण

प्रिय चिमणे,

परवा फोनवर तू हसत होतीस आणि तुझ्याबरोबर मीही हसले, ते हसणं खोटं होतं. म्हणून हे पत्र. टाइप करायला बसले की मी खोडत राहते, आणि या वेळी मला काही खोडायचं नाही, म्हणून सरळ पेन घेतलं.

माझ्या जुन्या हॉस्पिटलची कॉम्प्युटरवरची पेशंट नोंदणी उपसून नवी बांधायचं काम तुझ्याकडे आलं, तेव्हाच मी बोलायला हवं होतं. तू सांगत सुटलीस. सगळा प्रोग्राम पीएचपी भाषेत आहे, तेही बाबा आदमच्या काळातलं. एकाच फाइलमध्ये चार हजार ओळी. लिहिणाऱ्याला कोपरापासून नमस्कार. त्या एका ओळीवर तर तुमचं अख्खं ऑफिस लोळलं म्हणे. वय भरलंय की नाही हे वर एकदा तपासून झालेलं असताना खाली पुन्हा वयच तपासणारी ओळ, आणि तिच्या डोक्यावर शेरा: 'ही ओळ काढू नये, कारण'. पुढे काहीच नाही. माणूस चहाला गेला तो परत आलाच नाही, असं तुझे साहेब म्हणाले. मग तू मला विचारलंस, "आई, तू तिथे रेकॉर्ड रूममध्ये होतीस ना? कोण होता गं हा?" आणि मी म्हटलं, "आता कुठलं आठवायला!"

चिमणे, तो माणूस म्हणजे मी.

तुला मी कायम सांगत आले की तिथे मी टायपिंग करायचे. ते खोटं नाही, पण अर्धंच. नोंदणीसाठी एक इंजिनियर नेमला होता. तो महिनाभरात दुसरी नोकरी धरून पसार झाला. मागे राहिला एक कॉम्प्युटर, स्पायरल बांधणीचं एक जाडजूड पुस्तक आणि मी. माझा टायपिंगचा वेग बरा, एवढ्या भांडवलावर मोठ्या डॉक्टरांनी ते पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. त्या भाषेवर मी जेवढी चिडले तेवढी तुझ्या बाबांवरही कधी चिडले नाही. प्रत्येक नावाआधी डॉलरचं चिन्ह हवंच. शोधायची दोन फंक्शन्स. एकात काय शोधायचं ते आधी सांगा, दुसऱ्यात कुठे शोधायचं ते आधी. चूक झाली तर बोलणार नाही, नुसतं पांढरं पान समोर धरणार, रुसलेल्या माणसासारखं. पण खरं सांगू? तिने मला कधी माझी डिग्री विचारली नाही. मोडकंतोडकं लिहिलं तरी सांभाळून घेतलं. पहिल्यांदा पडद्यावर पेशंटचं नाव उमटलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दार लावून घेतलं आणि एकटीच टाळ्या वाजवल्या.

पुढे मी नोकरी सोडली, कागदोपत्री नाव त्या इंजिनियरचंच राहिलं. शिकलीसवरली मंडळी त्या भाषेला नावं ठेवू लागली, तशी मीही ठेवू लागले. तू कॉलेजात ती शिकताना नाक मुरडायचीस तेव्हा मी तुझ्या हो ला हो मिळवला. जिच्या जिवावर उभी राहिले तिलाच ओळख दाखवली नाही. याची मला लाज वाटते, मी लिहिलेल्या कोडची नाही.

पण हे सगळं मी याआधीही गिळलं होतं, आणखीही गिळलं असतं. फोन ठेवता ठेवता तू जे सहज बोलून गेलीस त्याने मला स्वस्थ बसवेना. साहेब म्हणतात ओळ उडव, सगळे थट्टा करतात, शुक्रवारच्या मीटिंगमध्ये निकाल लागायचाय, आणि तू म्हणालीस, "कारण कळल्याशिवाय मी ती काढणार नाही, आई. कुणीतरी घाईत का होईना, कळवळून लिहिलंय ते." माझा ऊर भरून आला गं. चार हजार ओळी हसण्यावारी नेल्यास तरी चालेल, त्या एका ओळीपाशी तू थांबलीस. तेव्हा शुक्रवारच्या आत कारण घे.

त्या भाषेला शून्य आणि रिकामं यातला फरक धड कळत नसे. मलाही ते ठाऊक नव्हतं. मी बाळंतपणाच्या रजेवर गेले त्याच आठवड्यात नोंदणी सुरू झाली, आणि तू तिथेच जन्मलीस. तिसऱ्या दिवशी सिस्टर माझ्या खाटेशी येऊन कडाडल्या, "तुमच्या मशीनला सांगा, बाळ जन्माला आलंय!" वय शून्य टाकलं की ते म्हणायचं, वय भरा. तान्ह्या बाळांची नोंदच होईना. कंटाळून त्यांनी दोन बाळांना एक वर्षाचं करून टाकलं होतं, आणि मशीनने त्यांना वर्षाच्या मुलाचं लसीचं कार्ड छापून दिलं होतं. मी तशीच चपला घालून, भिंतीला धरत रेकॉर्ड रूममध्ये गेले. सिस्टर तुला घेऊन मागे उभ्या होत्या. वय शून्य असलं तरी ते भरलेलंच धरावं, अशी ती ओळ लिहिली. आधी ती दोन कार्डं दुरुस्त केली, मग तुझं नाव घातलं, वय शून्य, आणि मशीनने तुला मुकाट्याने आत घेतलं. तुमच्या नव्या भाषेला शून्य कळत असेल तर ओळ खुशाल काढ. पण त्याआधी एक तान्हं बाळ नोंदवून बघ. तर त्या दिवशी, पुढचा कुणी ती उडवू नये म्हणून मी वर शेरा लिहायला घेतला. 'कारण' एवढं टाइप केलं, आणि तू रडायला लागलीस.

तुझीच,
चहाला न गेलेली
आई